अक्षराला लागलेले वळण

मराठीत ‘वळण’ हा शब्द दोन घरी नांदतो. मांजरसुंब्याच्या घाटात रस्त्याला वळण असते आणि एखाद्या घरातील मुलांनाही ‘वळण’ असते. पहिले डोळ्यांना दिसते. दुसरे सहवासाने लागते आणि आमच्या लहानपणी तरी थोडेफार छडीनेही लागत असे. हे दोन्ही अर्थ एका जागी येतात ते हस्ताक्षराच्या बाबतीत. ‘अक्षर मोठे वळणदार आहे हो’ असे आपण म्हणतो, तेव्हा रेघ कशी वाकली आहे हे तर सांगतोच. पण ती वाकविणाऱ्या हाताला कोणी तरी बसून शिकविले आहे, याचीही ग्वाही देत असतो.

गेल्या चाळीसेक वर्षांत छापील अक्षर धातूच्या खिळ्यातून निघून संगणकात गेले आणि तेथे ते एक गणिती वक्ररेषा होऊन बसले. लग्नपत्रिका, सातबाराचा उतारा, वर्तमानपत्र, नातवाने भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा, हे सगळे आज समीकरणांनी लिहिले जाते. या समीकरणांच्या अक्षरांची थोडी समीक्षा करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कवितेची समीक्षा होते, चित्राची होते, चित्रपटाची तर पानाच्या ठेल्यावरही होते. पण ज्या अक्षरांतून हे सारे आपल्यापर्यंत पोहोचते त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. अक्षरे चांगली असली की ती दिसत नाहीत, हे त्याचे कारण असावे.

ही समीक्षा मुंबई-पुण्याऐवजी नेकनूरला उभे राहून करण्यात एक सोय आहे. बीड तालुक्यातील हे गाव मांजरसुंब्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आठवडी बाजाराचे, गुराढोरांच्या व्यापाराचे गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता. कचेरीची भाषा उर्दू, हिशेबाच्या दप्तराची लिपी मोडी आणि पोथीची बाळबोध. एकाच पंचक्रोशीत तीन लिप्या आणि तिन्हींची वळणे एकमेकींपासून अगदी निराळी. उर्दूची नस्तालिक वरून खाली तिरपी घसरत येते. मोडी लेखणी न उचलता पळत सुटते. आणि बाळबोध शिरोरेघेला लोंबकळत, एकेक अक्षर थांबून, शहाण्यासारखी उभी राहते. वक्ररेषा म्हणजे काय, याचा वस्तुपाठ हवा असेल तर तो या भागात विनासायास मिळतो.

आता संगणक वक्ररेषा काढतो कशी, ते पाहू. गणिताचे नाव काढताच पान उलटणाऱ्या वाचकांना विनंती आहे की, एक परिच्छेद धीर धरावा. यात दोरा आणि खिळे यांपलीकडे काही नाही. एका फळीवर इंग्रजी एल या अक्षरासारख्या दोन सरळ ओळींत सारख्या अंतरावर खिळे ठोका. उभ्या ओळीतील सर्वांत वरचा खिळा आडव्या ओळीतील कोपऱ्याजवळच्या पहिल्या खिळ्याला दोऱ्याने जोडा, वरून दुसरा हा कोपऱ्यापासून दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला. सगळे दोरे सरळच आहेत. तरी त्यांच्या कडेने एक सुरेख वाकडी रेघ उमटलेली दिसेल. शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाला अनेकांनी हा खेळ केला असेल. संगणकातील ट्रूटाइप जातीच्या अक्षरांचे प्रत्येक वळण हुबेहूब असेच असते: दोन टोके आणि त्यांना बाहेरून आपल्याकडे ओढणारा एक कोपरा. दुसऱ्या एका पद्धतीत ओढणारे बिंदू दोन असतात, एवढाच फरक. वळण साठवावयाचे म्हणजे हे तीन-चार बिंदू साठवावयाचे. मग अक्षर मोहरीएवढे करा किंवा भिंतीएवढे करा, दोरे पुन्हा ताणले जातात आणि कड गुळगुळीतच राहते.

या युक्तीचा जन्म अक्षरांसाठी झालाच नव्हता. तो मोटारींसाठी झाला. १९५९ च्या सुमारास फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने ती शोधली. कारखान्याने ती गुपित ठेवली. पुढे रेनो कारखान्यातील अभियंता प्येर बेझिए याने स्वतंत्रपणे तेच गाठले व साठीच्या दशकात प्रसिद्ध केले. त्यामुळे नाव बेझिएचे लागले. गाडीचा पत्रा म्हणजे केवळ वक्ररेषा नव्हे, तो वक्र पृष्ठभाग. तेथे चार बिंदूंऐवजी चार ओळींत चार, असे सोळा बिंदूंचे जाळे पत्र्याला ओढून धरते. हे साधे वाटते, पण पृष्ठभागाची अडचण काय असते ते आकाशकंदील करणाऱ्याला विचारावे. कागद एका दिशेने खुशाल वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो. पण त्याच कागदाचा चेंडू करू गेलात की चुण्या पडतात. म्हणून आपले कंदील बहुधा सपाट पाकळ्यांचे आणि कोनांचे असतात आणि गोल हवा असेल तेव्हा बारीक पट्ट्या चिकटवाव्या लागतात. मोटारीच्या नाकाडाला दोन्ही दिशांनी वळण हवे होते. ते कागदावरच्या आराखड्यातून सांगता येत नव्हते. कारागिराच्या अंदाजावर सोडावे लागे. बेझिएच्या जाळ्याने तो अंदाज आकड्यांत सांगता येऊ लागला. ज्या गणिताने रेनोच्या गाडीचा पत्रा वाकतो त्याच गणिताने ‘श्रीगणेशाय नमः’ मधला ‘ग’ वाकतो, याची मौज वाटल्यावाचून राहत नाही.

एक बारीकसा दोष मात्र या वक्ररेषेच्या जन्मातच आहे. तिला खरे वर्तुळ काढता येत नाही. चार तुकडे जोडून वर्तुळ केले तर चूक दहा हजारांत तीन भागांहूनही कमी असते, म्हणजे डोळ्यांना ती कधी कळणार नाही. तरीही आपल्या अनुस्वाराचा टिंब पडद्यावर कधीच शुद्ध वाटोळा नसतो, वाटोळ्याच्या फार जवळ असतो, एवढे माहीत असलेले बरे.

खरा दोष याहून मोठा आहे आणि तो गणिताचा नसून पद्धतीचा आहे. बोरूने अक्षर लिहिताना आपण एकच रेघ ओढतो. बोरूची टाक तिरपी कापलेली असते, त्यामुळे रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक आपोआप होते. जाडी-बारकाई ही हाताच्या प्रवासाची खूण होय. संगणकात मात्र रेघ ओढली जात नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या कडा तेवढ्या आखतात आणि मधली जागा काळी करतात. नदीऐवजी नदीचे दोन काठ काढावे तसे हे आहे. काठ आखणाऱ्याला पाणी कोणत्या दिशेने वाहते हे ठाऊक असेल तर नकाशा बरोबर येतो. नसेल तर दोन्ही काठ गुळगुळीत असूनही मधे नदी नसते.

ही अडचण अमेरिकेतील डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने फार लवकर ओळखली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मेटाफॉन्ट नावाची भाषा रचली. तिच्यात कडा सांगण्याऐवजी लेखणी कशी कापली आहे आणि ती कोठून कोठे गेली, हे सांगता येते. इंग्रजी एस या एकाच अक्षराचे वळण बसविताना त्याला इतका घाम फुटला की, त्या अक्षरावर १९८० साली त्याने एक स्वतंत्र लेख लिहिला. आपल्या लिपीत तर ‘ह’ आहे, ‘झ’ आहे, ‘ळ’ आहे, ‘क्ष’ आहे! मेटाफॉन्टची वाट विद्वानांनी वाखाणली. धंद्याने मात्र काठ आखण्याचीच वाट धरली. तीच आज सर्वत्र आहे.

मग काठ आखूनही नदी दिसावी, असे कोणी केले का? देवनागरीच्या बाबतीत या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर म्हणजे र. कृ. जोशी. १९३६ साली जन्मलेले हे गृहस्थ जे. जे. मध्ये शिकले, उल्का या जाहिरातसंस्थेत नावारूपाला आले, नंतर पवई येथील आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक होते. कवी म्हणून ते लघुनियतकालिकांच्या पिढीचे. अक्षरांनाच चित्र करणारी कविता त्यांनी लिहिली. पुढे मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत संगणकशास्त्रज्ञांच्या सोबत बसून त्यांनी भारतीय लिप्यांचे संगणकीय टंक घडविले. त्यांतला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर जगभर गेला. २००८ साली जोशी वारले. आपण त्यांचे नाव ऐकले नसेल. पण त्यांचे अक्षर पाहिले नाही असा संगणक वापरणारा मराठी माणूस विरळा.

‘मंगल’ सुंदर आहे का? माझे प्रांजळ मत असे की, नाही. आणि तो सुंदर असावयास नकोही होता. त्या वेळच्या पडद्यांचे ठिपके भरड होते. दहा-बारा ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेघ, तिच्यावरची वेलांटी, तिच्याखालचा उकार आणि मधे ‘द्ध’ सारखे जोडाक्षर बसवावयाचे, म्हणजे एका खोलीत चार भावांचे संसार थाटण्यासारखे होते. इंग्रजी अक्षरांना ही वर-खालची गर्दी नसते. जोशींनी येथे कसलेल्या गृहिणीची काटकसर दाखविली. रेघेतील जाड-बारीक त्यांनी संयमित ठेवली, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा राखली, आणि तरीही जेथे रेघ वळते तेथे ती बोरूच्या कलाप्रमाणेच वळते. देवनागरीच्या लेखणीचा काप रोमनच्या उलट बाजूला तिरपा असतो. इंग्रजी सवयीच्या हाताने देवनागरी काढली की जाडी भलत्याच जागी येते आणि अक्षर परक्या उच्चाराने बोलल्यासारखे वाटते. ‘मंगल’ मध्ये ही चूक नाही. लहान आकारात तो निमूटपणे वाचू देतो.

याहून मोठे श्रेय त्यांना द्यावयास हवे ते जोडाक्षरांबद्दल. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांनी देवनागरीचे हातपाय तोडले होते. अर्धी अक्षरे एकापुढे एक ठेवून जोडाक्षर ‘झाले’ म्हणावयाचे, अशी रीत कचेऱ्यांत पडली होती. निर्णयसागरच्या छापखान्याने धातूत जी समृद्धी मिळविली होती तिचा बराच भाग संगणकाच्या या टंकाने परत आणला. यंत्रामुळे लिपी लुळी होते, असे मानण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. येथे पुढच्या यंत्राने मागच्या यंत्राची जखम भरली.

दोष सांगावयाचा तर ‘मंगल’ला मोठे करू नये. नोटिशीच्या अंगापुरता तो शोभतो. फलकावर चढविला की शेवग्याच्या शेंगेसारखा किडकिडीत दिसतो. तसा तो चढविणाऱ्यांची चूक आहे, हे उघड आहे. पण कित्येक वर्षे दुसरे फुकटचे काही हाताशी नव्हते. पुढे ते मिळाले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळीचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक आज कोणीही विनामूल्य वापरू शकतो. ‘मुक्ता’ हा मला गेल्या दहा-बारा वर्षांतला अतिशय समंजस टंक वाटतो. त्याची वळणे गुळगुळीत आहेत आणि तरी मिळमिळीत नाहीत. ‘बलू’ गुबगुबीत, हसरा, गोळ्या-बिस्किटांच्या वेष्टनावर गोड दिसणारा. पण परवा एका दशक्रियेच्या निमंत्रणावर तो पाहिला आणि हसावे की रडावे कळेना. टंक निवडणे हीही एक रीतभात आहे.

या टंकांच्या भोवती शेकडो टंक असे आहेत की, ज्यांच्यात काठ आहेत पण नदी नाही. त्यांची वक्ररेषा गणिताच्या दृष्टीने निर्दोष असते. ‘ट’ चे पोट पाहावे तर एखाद्या नळाच्या बाकासारखे, सगळीकडे सारखेच. ‘भ’ ची गाठ वाटोळी, पण हात तेथे थोडा रेंगाळतो हे त्या अक्षराला ठाऊकच नाही. यंत्राने दिलेले पहिले वळण त्यांच्याजवळ भरपूर आहे; दुसरे नाही.

आता पुन्हा नेकनूरच्या रस्त्यावर येऊ. बाजारगावांतून पूर्वी पाट्या रंगविणारा पेंटर असे. शिरोरेघेसाठी खडूची दोरी फटकारावी, जागा वितीने मोजावी, आणि मग बारीक कुंचल्याने ‘किराणा व भुसार’ लिहावे. त्याची अक्षरे पुष्कळदा ओबडधोबड असत. ‘शुद्ध’ चे ‘शुध्द’ होई. पण जागा कमी पडली तर तो अक्षर नव्याने काढी: अरुंद, तरी जाडी सांभाळून. आज फ्लेक्सच्या दुकानात जागा कमी पडली की अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबतात. बेझिएची वक्ररेषा आज्ञाधारक आहे. दाबा म्हटले की दबते. पण तसे केल्याने उभ्या रेघा बारीक होतात आणि आडवी शिरोरेघ होती तेवढीच राहते. परिणामी काडीच्या पायांवर तुळई ठेवल्यासारखे अक्षर दिसते. वाढदिवसाच्या फलकावर पुढाऱ्याचे नाव ताणलेले, शुभेच्छुकांची नावे चेंगरलेली! समाजशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात काही सापडेल, पण लिपीचा जीव जातो. चार नामवंत टंककारांनी वर्षभर घासून बसविलेली जाडी तेथे एका सेकंदात मोडते. तंत्राने प्रत्येकाच्या हाती उत्तम अक्षर दिले आणि त्याच हाती ते मुरगाळण्याची मुभाही दिली.

शेजारच्या उर्दू अक्षरांची कथा याहून कठीण होती, तीही सांगितली पाहिजे. कारण या भागात ती परकी नाही. नस्तालिकमध्ये प्रत्येक अक्षराचा आकार शेजाऱ्यावर अवलंबून असतो आणि सबंध शब्द तिरपा उतरतो. धातूचे खिळे तिच्यापुढे हरले. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकातही कातिबांच्या हातांनी लिहिली जात व दगडावरून छापली जात. १९८१ साली पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी अठरा हजारांहून अधिक अक्षरसमूह एकेक करून हाताने लिहिले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात ते बसविले. हाच नूरी नस्तालिक. गणिताला वळण समजेना, तेव्हा एका माणसाने अठरा हजार वेळा ते लिहून दाखविले. मोडीचे भाग्य एवढेही थोर नव्हते. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली खरी, पण जिची सारी शोभा लेखणी न उचलण्यात होती ती पडद्यावर सुटीसुटी उभी राहते. २०२३ साली निजामकाळच्या नोंदी शोधण्यासाठी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, तेव्हा या दोन वळणांची किंमत काय आहे ते सरकारी कचेऱ्यांनाही कळले.

नेकनूरहून त्याच रस्त्याने पुढे अंबाजोगाईला गेलात तर दासोपंतांची पासोडी आहे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा खादीच्या वस्त्रावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले: ओव्या, रकाने, आकृत्या. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. तात्त्विक विषयाचा असा मांडलेला नकाशा पाहिला की, आजच्या भाषेत ज्याला माहितीचे आरेखन म्हणतात ते आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी होते, हे पटते. पण माझे लक्ष दरवेळी कापडाकडे जाते. खादीचा पृष्ठभाग कागदासारखा सपाट नसतो. सुताची वीण बोरूला अडविते, शाई पसरते, कापड ओढले की अक्षर हलते. गणित ज्याला आदर्श पृष्ठभाग म्हणते त्याच्या हे अगदी उलट. तरीही त्या अक्षरांत गती आहे. कोठे हात भरधाव गेला आणि कोठे शाई संपत आली ते कळते. तीच ओवी सुबक टंकात छापा. वाचावयास शतपटीने सोपी होईल, आणि होऊही द्यावी. पण लिहिणाऱ्याचा दिवस कसा गेला, हे त्या छापील पानावरून कळणार नाही. र. कृ. जोशींना ही उणीव माहीत होती, असे त्यांचा टंक पाहून वाटते. त्यांनी हाताची गती पडद्यावर आणण्याचा आव आणला नाही. हाताची शिस्त मात्र आणली.

शेवटी एका अक्षराविषयी. मराठी शाळेत ‘ल’ शिकवितात तो दोन पाकळ्यांचा. ‘श’ शिकवितात तो देठाचा. शासनानेही मराठी वर्णमालेसाठी हीच वळणे ठरविली आहेत; २००९ साली तसा निर्णय निघाला, २०२२ साली तो सुधारून पुन्हा निघाला. पण भ्रमणध्वनीवर आणि संगणकावर बहुतेक वेळा भेटतो तो उजवीकडे उभा दांडा असलेला हिंदी वळणाचा ‘ल’. कारण युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच आहे. अक्षर एक, वळणे दोन. पहिलीतले मूल वहीत एक ‘ल’ काढते आणि आईच्या हातातील पडद्यावर दुसरा पाहते. ‘बाई चुकल्या की फोन चुकला?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. अनेक चांगल्या टंकांत टंककारांनी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हेही आखून ठेवलेले असतात. ते आतल्या आत झोपलेले असतात. मजकुराची भाषा ‘हिंदी’ नसून ‘मराठी’ आहे, असे संगणकाला सांगितले, आणि ज्या आज्ञावलीत लिहीत आहोत तिला ते ऐकण्याची सोय असली, की ते उठून बाहेर येतात. लग्नपत्रिका जुळविणारी किती दुकाने ही खूण वापरतात ते पाहावयाचे असेल तर या दिवाळीत घरी येणाऱ्या निमंत्रणांतील ‘ल’ मोजावेत. पाकळ्यांचे किती आणि दांड्याचे किती, ते मुलांनाच मोजू द्यावे.